खोटं सांगून झालेला व्यवहार: मोडायचा, टिकवायचा की भरपाई मागायची?

जमीन, फ्लॅट, जुनी गाडी, विमा. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी तक्रार एकच असते: 'सांगितलं एक, निघालं दुसरंच.' अशा वेळी लागणारा मुख्य कायदा म्हणजे भारतीय करार कायदा, 1872, आणि त्यातली कलमं 17 ते 19. खोटं उघडकीला आल्यावर माणूस पुढचे काही महिने कसा वागला, यावर अशा प्रकरणाचं बरंच काही ठरतं. प्रश्न विचारणारे नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात. म्हणून खालची उत्तरं वाचताना मनात दोन तारखा धरून ठेवा. एक, व्यवहार कधी झाला. दुसरी, खरं कधी कळलं.

मला खोटं सांगून सही घेतली. म्हणजे व्यवहार आपोआप रद्द झाला ना?

नाही. तुम्ही मोडेपर्यंत तो चालूच असतो. फसवून किंवा चुकीची माहिती देऊन संमती घेतली असेल, तर कलम 19 प्रमाणे करार 'रद्द करता येण्याजोगा' असतो. तो रद्द करायचा की ठेवायचा, हा हक्क फसलेल्याचा. भाव वाढल्यावर विकणारा उठून 'मीच तेव्हा खोटं बोललो होतो, सबब करार रद्द' असं म्हणू शकत नाही.

एक अपवाद आहे. कागद कसला आहे हेच लपवलं असेल, म्हणजे मुखत्यारपत्र म्हणून सही घेतली आणि निघालं खरेदीखत, तर तो दस्त मुळातच शून्य. कागदाचं स्वरूप माहीत होतं, पण आतल्या मजकुराबद्दल फसवलं, तर तो रद्द करून घ्यावा लागतो. निंगव्वा विरुद्ध बायरप्पा या 1968 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ ओढली. नवऱ्याने बायकोकडून करून घेतलेल्या बक्षीसपत्रात तिने न दिलेल्या जमिनीही घुसडल्याचं ते प्रकरण होतं. हा फरक मुदतीच्या वेळी फार महागात पडतो.

समोरच्याचा हेतू वाईट नव्हता, त्यालाही खरं माहीत नव्हतं. तरी काही करता येतं?

येतं. खोटं आहे हे माहीत असून, किंवा खरं असेल असा विश्वास नसताना सांगितलं, तर ते कपट (कलम 17). स्वतःला खरं वाटत होतं, पण तसं ठामपणे सांगण्याइतका आधार नव्हता, तर ते चुकीचं निवेदन (कलम 18). वकिलांच्या बोलण्यात 'मिसरिप्रेझेंटेशन' म्हणतात ते हेच. 'आमच्या आजोबांपासून वहिवाट आहे, रस्ता कोणी अडवणार नाही' असं मालक मनापासून सांगतो, पण त्याने कधी कागद पाहिलेला नसतो. हे दुसऱ्या प्रकारात बसतं.

करार मोडण्याचा हक्क दोन्हींत आहे. फरक पडतो तो भरपाईत आणि 'तुम्ही तपासलं का नाही' या बचावात. दाव्यात 'कपट' हा शब्द उगाच वापरू नये, असं माझं मत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 4 प्रमाणे कपट म्हटलं की कोण, कधी, काय बोललं याचा तपशील द्यावा लागतो, आणि पुरावाही भक्कम लागतो. चुकीचं निवेदन सिद्ध करणं तुलनेने सोपं. पण रागाच्या भरात अशिलाला 'फसवणूक' याखेरीज दुसरा शब्द चालत नाही.

'दोन वर्षांत रिंगरोड येतोय, भाव दुप्पट होईल' असं एजंट म्हणाला होता. काहीच झालं नाही.

भाव दुप्पट होईल हे मत झालं. मतावर करार मोडता येत नाही. पण 'विकास आराखड्यात या गटाला लागून रस्ता मंजूर आहे' हे वस्तुस्थितीचं विधान आहे आणि ते नगररचना कार्यालयात ताडून पाहता येतं. ते खोटं निघालं तर कलम 18 किंवा 17 लागू होऊ शकतं. पाळायचं मनातच नसताना दिलेलं वचनसुद्धा कलम 17 खाली कपट ठरतं. ते मनात नव्हतं हे दाखवणं मात्र जिकिरीचं. शेवटी वाक्य नेमकं काय होतं यावर सगळं येतं, म्हणून आठवेल तसं शब्दशः लिहून ठेवा.

तो खोटं बोलला नाही, फक्त गप्प बसला.

नुसतं गप्प बसणं हे कपट नाही, असं कलम 17 च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. बोलण्याचं कर्तव्य असेल, किंवा परिस्थितीच अशी असेल की गप्प बसणं म्हणजे होकार, तेव्हाच ते कपट.

स्थावर मिळकतीत हे कर्तव्य थेट कायद्यानेच घातलेलं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55 बघा. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला न सापडणारा दोष (मिळकतीतला असो वा मालकीतला) विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. नाही सांगितला तर ते कपट समजायचं, असं त्याच कलमाच्या शेवटी आहे. पावसाळ्यात तळघरात पाणी भरतं आणि दाखवण्याआधी भिंती रंगवून घेतल्या, बहिणीने वाटपाचा दावा लावलाय आणि ते सांगितलं नाही, ही ठळक उदाहरणं. भिंत रंगवून ओल झाकली तर ते नुसतं गप्प बसणंही राहत नाही. ते सक्रिय लपवणं झालं.

हेच कर्तव्य उलटही आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. विकणाऱ्याच्या हक्काबद्दलची, किंमत बरीच वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर ती घेणाऱ्याने सांगायची असते.

त्यांचा वकील म्हणतो, 'सातबारा उघडा होता, तुम्ही पाहायला हवा होता.' हा बचाव चालतो?

बऱ्याचदा चालतो.

कलम 19 ला एक अपवाद जोडलेला आहे. संमती चुकीच्या निवेदनाने किंवा कपटी मौनाने मिळवलेली असली, पण साधारण काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये कुरुक्षेत्र विद्यापीठाच्या प्रकरणात हेच लावलं. हजेरी कमी असल्याचं विद्यार्थ्याने परीक्षेच्या अर्जात सांगितलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, हजेरीपट विद्यापीठाच्याच हाताशी होता. मग ही फसवणूक कसली? इंग्लंडमध्ये नेमकं उलटं आहे. रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड या 1881 च्या निकालापासून तिथे 'तपासण्याची संधी होती' हा बचाव चालत नाही. इंटरनेटवर इंग्रजी निकाल वाचून येणारे इथेच घसरतात.

मात्र समोरचा उघड उघड, जाणूनबुजून खोटं बोलला असेल, तर हा अपवाद त्याला वाचवत नाही. खोटी नोंद असलेला उतारा दाखवणाऱ्याने वर 'तुम्ही पडताळायला हवं होतं' म्हणायचं, हे कायदा ऐकून घेत नाही.

आता सातबाऱ्याबद्दल. लोक मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. डोळे जायला हवेत ते 'भोगवटादार वर्ग' या शब्दांवर आणि 'इतर हक्क' या रकान्यात. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे असतो. 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' ही ओळ तिथे असते, आणि तिचा अर्थ ही जमीन विकायला बंधन आहे. 'पुनर्वसनासाठी राखीव'ही तिथेच. वर्ग 2, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का, ते पाहावं लागतं. उताऱ्याच्या खाली फेरफार क्रमांक असतात. ते फेरफार काढून वाचले की घरातल्या कोणाचं नाव कधी आणि कशावरून कमी झालं ते समजतं. याशिवाय दुय्यम निबंधकांकडच्या दस्तांचा शोध, सूची 2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), आणि वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस. इतकं केलेल्या माणसाला 'तुम्ही काळजी घेतली नाही' असं म्हणणं जड जातं. न केलेल्याला फक्त 'तो उघड खोटं बोलला' या एकाच मुद्द्यावर लढावं लागतं.

खरेदीखतात 'लिहून घेणार यांनी मिळकतीची समक्ष पाहणी करून खात्री करून घेतली आहे' असं छापलंय.

प्रत्येक खरेदीखतात असतं. त्याने कपट धुतलं जात नाही. फार तर चुकीच्या निवेदनाच्या प्रकरणात समोरच्याच्या हाती एक मुद्दा येतो.

त्याच दस्तात दोन पानं पुढे जा. 'सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून तिच्यावर कोणाचाही गहाण, दान, पोटगी, लीन वगैरे हक्क नाही. तसे आढळल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील.' दस्त लिहिणारे हे वाक्य सवयीने टाकतात, पण तुमच्यासाठी ते सोन्यासारखं आहे. विधान खोटं ठरलं तर करार मोडण्याचं कारण मिळतं, आणि मोडायचा नसेल तरी 'निवारण करा' अशी करारातलीच मागणी करता येते. दस्त लिहिताना तोंडी सांगितलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट अशाच वाक्यात बसवून घ्यावी: विहिरीतला वाटा किती आणे, रस्ता किती फुटांचा आणि कोणत्या गटातून, वीजजोड कोणाच्या नावावर.

बरं, मग माझ्यापुढे नेमके पर्याय काय?

मुख्य दोन, आणि त्यांतला एकच निवडायचा.

पहिला: करार मोडणे. तुम्ही तसं कळवता, मिळालेलं परत करता आणि दिलेलं परत मागता. कलम 64 प्रमाणे करार मोडणाऱ्याने स्वतःला मिळालेला लाभ परत करायचा असतो. ताबा ठेवायचा, भाडं खायचं आणि पैसेही परत मागायचे, हे जमत नाही. नोंदणीकृत खरेदीखत असेल तर नुसती नोटीस पुरत नाही. दोघांच्या सहीने रद्दलेख करावा, नाहीतर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 31 खाली दस्त रद्द करून मागावा. हुकूम झाला की न्यायालय त्याची प्रत नोंदणी कार्यालयाला पाठवतं. एकट्याने जाऊन नोंदवलेल्या रद्दलेखाने झालेली विक्री फिरत नाही.

दुसरा: करार टिकवणे, पण सांगितलेलं खरं असतं तर मी जिथे असतो तिथे मला आणा, अशी मागणी करणे. हा पर्याय कलम 19 मध्ये स्पष्ट आहे आणि लोक तो विसरतात. 1872 च्या कायद्यातच त्याचं उदाहरण दिलंय: इस्टेटीवर बोजा नाही असं फसवून विकली, प्रत्यक्षात गहाण होती; घेणारा करार मोडू शकतो, किंवा गहाण सोडवून द्या म्हणू शकतो. जागा तुमच्या मुलांच्या शाळेजवळ आहे, भाव वाढलाय, फक्त बँकेचा बोजा निघालाय, तर मोडण्यात काय अर्थ? बोजा फेडून ना-हरकत आणून द्या, एवढंच मागा.

दोन्ही डगरींवर हात ठेवणारे मात्र अडकतात. नोटीसमध्ये 'करार रद्द केला' लिहितात आणि पुढच्याच महिन्यात उरलेल्या रकमेचा हप्ता भरतात. विरुद्ध बाजूच्या वकिलाला एवढं पुरतं.

भरपाई वेगळी मिळते का?

कपट असेल तर हो. दिलेली किंमत आणि वस्तूची खरी किंमत यांतला फरक, शिवाय त्या खोट्यापायी सरळ झालेला खर्च: मुद्रांक शुल्क, कर्जाचं व्याज, दुरुस्ती. प्रत्येकाची पावती लागते.

हेतू नसताना चुकीची माहिती दिली असेल तर आपल्याकडे भर आहे तो करार मोडून पूर्वस्थिती आणण्यावर. इंग्लंडने 1967 मध्ये स्वतंत्र कायदा करून निष्काळजी निवेदनालाही भरपाई जोडली. 1872 च्या आपल्या कायद्यात तशी सरळ तरतूद नाही. म्हणून दस्तातलं 'निवारण करून देऊ' हे वाक्य इतकं महत्त्वाचं.

करार मोडण्याचा हक्क कधी जातो?

खरं कळल्यावरही तुम्ही व्यवहार चालू ठेवलात, तर. सगळं माहीत असून ताबा घेतला, बांधकाम सुरू केलं, जागा भाड्याने दिली, तर तुम्ही करार मान्य केलात असं न्यायालय धरू शकतं. वस्तू मूळ स्थितीत परत करणं अशक्य झालं तरही हक्क जातो. आणि मध्ये एखाद्या तिसऱ्याने काहीच माहीत नसताना, मोबदला देऊन तीच मिळकत घेतली, तर त्याच्याकडून ती काढता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 27 मध्ये ही सगळी कारणं आहेत.

शेवटचं कारण सर्वांत घातक. फसवून जमीन लिहून घेणारा ती फार काळ स्वतःच्या नावावर ठेवत नाही. म्हणून दाव्यासोबत मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून टाकावी.

याखेरीज, ज्या खोट्यामुळे तुमची संमती बदललीच नाही, त्यावरही करार मोडता येत नाही. त्याच जुन्या कायद्यात निळीच्या कारखान्याचं उदाहरण आहे. वर्षाला 500 मण नीळ निघते असं विकणाऱ्याने चुकीचं सांगितलं, घेणाऱ्याने हिशोबाच्या वह्या पाहिल्या, त्यांत 400 मणच होती, तरी घेतला. आता तक्रार नाही.

मुदत किती?

करार मोडण्यासाठी किंवा दस्त रद्द करण्यासाठी 3 वर्षं, आणि ती मोजायची खरं प्रथम कळलं त्या दिवसापासून (मुदत कायदा, 1963, अनुच्छेद 59). ग्राहक आयोगात 2 वर्षं. 'कधी कळलं' याचा पुरावा जपून ठेवा: तलाठ्याकडून उतारा काढल्याची तारीख, बँकेचं पत्र, सोसायटीचा ई-मेल. समोरचा नेहमी म्हणणार की तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

सगळं तोंडीच झालं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर थोडंफार आहे.

लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा साधारणपणे चालत नाही, पण संमती कपटाने घेतली हे दाखवण्यासाठी चालतो. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 92 मध्ये ही सूट होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 95 मध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅपसाठी याच अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ फोन विकून टाकू नका, आणि संभाषणातले स्वतःचे लाजिरवाणे मेसेज पुसू नका. अर्धवट संभाषणाने संशय तुमच्यावरच येतो.

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये क्लबहाउस आणि तळं होतं. प्रत्यक्षात काही नाही.

इथे करार कायद्यापेक्षा रेरा जवळचा. स्थावर संपदा कायदा, 2016 च्या कलम 12 प्रमाणे जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट पाहून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्याने नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम, व्याज आणि भरपाई. 'चित्र केवळ कल्पनेसाठी' या तळाच्या बारीक ओळीवर बिल्डर भिस्त ठेवतात, पण तेवढ्याने कलम 12 मधून सुटका होते असं नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान असतं. मंजूर नकाशे, दावे, पूर्णत्वाची तारीख तिथे दिसते. तक्रार करण्याआधी ते पान तारखेसह उतरवून ठेवा, कारण माहिती अद्ययावत होत राहते. ब्रोशरचा कागद आणि सेल्समनचा ई-मेलही जपा.

व्यक्तीकडून घेतलेल्या रीसेल फ्लॅटला हे लागू नाही. तिथे वरचाच मार्ग.

जुन्या गाडीचे किलोमीटर मागे फिरवले होते.

उघड कपट. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद काढा, आकडा तिथेच सापडतो. विकणारा डीलर असेल तर जिल्हा ग्राहक आयोग सोयीचा.

पोलिसांत गेलो तर पैसे लवकर मिळतील का?

सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि फसवून मालमत्ता उकळली असेल तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा. एकच फ्लॅट तिघांना विकणाऱ्यासाठी ते योग्य आहे. पण दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलंय. फिर्याद दिली म्हणून दिवाणी दाव्याची 3 वर्षं थांबत नाहीत. ठाण्याच्या फेऱ्या मारत मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

विमा कंपनी म्हणते, मीच खोटं बोललो.

इथे पारडं उलटं असतं. विमा घेणाऱ्याने आजार, धूम्रपान, आधीच्या पॉलिसी हे सगळं सांगायचं असतं. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे 3 वर्षं उलटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. आरोग्यविम्यात सलग 60 महिने झाल्यावर सिद्ध झालेल्या कपटाखेरीज तशी हरकत घेता येत नाही. अर्ज एजंटने भरला आणि तुम्ही न वाचता सही केली, तरी उत्तरं तुमचीच धरली जातात. सही करण्याआधी 'नाही, नाही, नाही' असे टिक केलेले रकाने एकदा वाचाच.

लग्न जुळवताना आजार लपवला. हाच कायदा लागतो?

नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 पाहा. कपट कळल्यापासून 1 वर्षात अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो हक्क जातो.

नोटीस पाठवायचीय. तिच्यात काय असावं?

समोरचा कोणत्या तारखेला, कोणासमोर, काय म्हणाला. ते खोटं कसं. ते तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं. त्या विधानावर भिस्त ठेवूनच सही केली हे. आणि तुम्ही करार मोडताय की टिकवून दुरुस्ती मागताय. मोडत असाल तर 'मला मिळालेला ताबा परत द्यायला मी तयार आहे' हे वाक्य हवंच. पैसे दिल्याचे आरटीजीएस (बँक हस्तांतरण) क्रमांक घाला. पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, दोन्ही प्रकारे पाठवा, आणि नोटीस गेल्यावर त्या व्यवहारातला एक रुपयाही तुमच्या वकिलाला विचारल्याशिवाय देऊ किंवा घेऊ नका.